बूच, गोटी आणि तोटी

यंत्रविद्येच्या इतिहासात शक्ती निर्माण करणाऱ्यांची नावे मोठ्या अक्षरांत लिहिलेली आढळतात. ती कोंडून ठेवणाऱ्यांचीही नोंद बहुधा सापडते. परंतु कोंडलेली शक्ती बेताबेताने, कोणास इजा न होता, कामापुरती सोडण्याची युक्ती ज्यांनी काढली, त्यांची आठवण फारशी कोणी ठेवीत नाही. वास्तविक पाहता शक्ती मनुष्याच्या उपयोगास येते ती सोडण्याच्या वेळी. हा विचार एखाद्या मोठ्या धरणाकडे अथवा आगगाडीच्या इंजिनाकडे पाहून आम्हांस सुचला असता, तर तो वाचकांस अधिक भारदस्त वाटला असता. परंतु खरे सांगावयाचे तर तो सुचला सोडावॉटरच्या बाटलीकडे पाहून. आणि त्या बाटलीच्या तोंडाचाच इतिहास प्रस्तुत लेखात थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे. विषय क्षुल्लक म्हणून कोणी हसेल, तर त्याने निदान शेवटपर्यंत वाचून मग हसावे, एवढीच विनंती.

आमच्या लहानपणी गावच्या जत्रेत गोटी सोड्याची दोन दुकाने शेजारी शेजारी लागत. एक होते एका वृद्ध गृहस्थाचे व दुसरे एका तरुणाचे. दोघांचा माल एकाच कारखान्यातून येई, बाटल्या एकाच घडणीच्या, भावही एकच. परंतु तरुणाच्या दुकानी बाटली फोडली की गोटीचा फटकन आवाज होई, पांढरा फेस उसळून वर येई आणि निम्मे पाणी गिऱ्हाइकाच्या अंगावर जाई. एका वर्षी आमच्या वडिलांचे नवे धोतर असे भिजले. वृद्ध दुकानदाराची तऱ्हा निराळी होती. बाटल्या तो ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवी. गिऱ्हाईक आले की बाटलीच्या तोंडावर लाकडी टोपी ठेवून तीवर तळहाताचा गड्डा हळूच दाबी, आणि गोटी खाली गेल्यावरही हात न काढता तसाच थांबे. आम्ही मुले अधीर झालो की म्हणे, "जरा दम धरा, बाळांनो. त्याला अगोदर बाहेर पडू द्या." मग हात उचलला म्हणजे थेंबही सांडत नसे. पुढील वर्षापासून वडील त्याच्याच दुकानी जाऊ लागले. तरुण दुकानदाराने बाटल्या उन्हात मांडल्या होत्या. त्यांपैकी एक भर दुपारी फुटली व तिच्या काचेने त्याच्या भुवईवर जो व्रण झाला, तो पुढे कायम राहिला. एकच माल, एकच बाटली, आणि परिणामात एवढा फरक का पडावा, हा प्रश्न आमच्या मनात तेव्हापासून घर करून राहिला. त्याचे उत्तर शोधता शोधता आम्हांस जवळजवळ अडीचशे वर्षांचा इतिहास वाचावा लागला.

प्रथम ह्यातील शास्त्र पाहू. सोडावॉटर म्हणजे कर्बाम्ल वायू, ज्यास आज आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतो, तो दाबाखाली विरघळविलेले पाणी. किती वायू विरघळेल हे दोन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली गोष्ट दाब. मँचेस्टरचे रसायनशास्त्रज्ञ विल्यम हेन्री यांनी १८०३ साली असे दाखविले की, उष्णमान कायम असता पाण्यात विरघळणारा वायू त्याच्यावरील दाबाच्या प्रमाणात वाढतो. दाब दुप्पट केला म्हणजे वायूही दुप्पट विरघळतो. ह्या हेन्रींचे वडील थॉमस हेन्री हे औषधविक्रेते असून मँचेस्टरात कृत्रिम खनिज पाणी तयार करून विकीत असत. तेव्हा मुलाचा नियम व बापाचा धंदा ह्यांचे नाते जवळचेच म्हणावयाचे. दुसरी गोष्ट उष्णमान. हवेच्या साध्या दाबाखाली शून्य अंशावरील एक शेर पाण्यात सुमारे १.७ शेर मापाचा वायू मावतो. पंधरा अंशांवर जवळजवळ एक शेर. आणि आपल्याकडील तीस अंशांच्या उकाड्यात तर दोनतृतीयांश शेरच. पाण्याच्या चौपट मापाचा वायू ज्यात भरला आहे अशी बाटली बर्फात असता आतील दाब हवेच्या दाबाच्या सव्वादोनपट असतो. तीच तीस अंशांवर आली की तो सुमारे सहापट होतो. त्या तरुणाची बाटली उन्हात का फुटली व म्हाताऱ्याचे ओले गोणपाट काय काम करीत होते, ह्याचा उलगडा ह्या आकड्यांनी होतो. १८३३ साली फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने अमेरिकेतील बॉस्टनहून जहाज भरून बर्फ कलकत्त्यास आणले, आणि लवकरच मुंबईसही ते येऊ लागले. सोडावॉटरवाल्यांच्या दृष्टीने हे बर्फ केवळ गारव्याची चैन नव्हे. पाणी काबूत ठेवण्याचे निम्मे काम तेच करीत असते.

आता फेसाकडे वळू. बाटलीचे तोंड एकदम उघडले म्हणजे दाब क्षणात उतरतो, आणि पाण्याजवळ त्याला पेलणार नाही इतका वायू उरतो. तो बाहेर पडू पाहतो. परंतु स्वच्छ, स्थिर पाण्यात बुडबुडा जन्मास येणे सोपे नसते. त्यास काहीतरी आधार लागतो: काचेवरील ओरखडा, धुळीचा कण, कापडाचा धागा, अथवा अगोदरच पाण्यात अडकलेला हवेचा अंश. पाणी ढवळले गेले, वेगाने आपटले अथवा अरुंद फटीतून जोराने निघाले म्हणजे असे असंख्य आधार एकाच वेळी निर्माण होतात आणि सारा वायू एकदम उठतो. साध्या सोड्यात हे बुडबुडे लगेच फुटतात. साखर, डिंक अथवा धान्याचा अंश ज्यात आहे अशा पेयात ते टिकतात व त्यांचा फेस होतो. तेव्हा फेस टाळावयाचा तर पेय थंड ठेवावे, हलवू नये, आणि दाब पायरीपायरीने उतरवावा, हे तीन नियम झाले. पहिले दोन सांभाळणे गिऱ्हाइकाच्या व दुकानदाराच्या हाती असते. तिसऱ्यासाठी मात्र कारागिराची बुद्धी खर्ची पडली.

ह्या पेयाचा जन्म एका मद्याच्या भट्टीशेजारी झाला. १७६७ साली जोसेफ प्रीस्टली हे धर्मोपदेशक इंग्लंडातील लीड्स शहरी राहावयास आले. त्यांच्या घरालगतच बिअरची भट्टी होती. आंबणाऱ्या रसाच्या पिंपांवर एक जड वायू सदैव साचलेला असतो असे त्यांस दिसले. स्कॉटलंडातील जोसेफ ब्लॅक यांनी ह्याच वायूचा पूर्वी अभ्यास करून त्यास 'स्थिर वायू' असे नाव दिले होते. प्रीस्टलींनी पिंपाच्या तोंडाशी दोन भांडी धरून पाणी ह्यातून त्यात, त्यातून ह्यात असे ओतले, आणि काही मिनिटांत त्यास सुखद चव आल्याचे पाहिले. १७७२ साली त्यांनी खडूवर गंधकाम्ल ओतून हा वायू काढण्याची व पाण्यात मिसळण्याची रीत छापून प्रसिद्ध केली. ह्या पाण्याने खलाशांचा स्कर्व्ही रोग बरा होईल अशी त्यांची समजूत होती, व कॅप्टन कुक यांच्या दुसऱ्या सफरीवर त्याची साधने देण्यातही आली. ती आशा फोल ठरली. कारण तो रोग ताज्या फळांच्या व भाज्यांच्या अभावी होतो, वायूच्या अभावी नव्हे. तथापि ह्या संशोधनाबद्दल रॉयल सोसायटीने त्यांस कॉप्ली पदक अर्पण केले. प्रीस्टलींनी ह्या शोधावर एक पैसाही मिळविला नाही, आणि मिळविण्याचा प्रयत्नही केला नाही. त्यांचे पाणी सौम्य होते, तयार करून लगेच प्यावयाचे होते. म्हणून बाटलीच्या तोंडाचा प्रश्न त्यांस विशेष पडलाच नाही.

तो प्रश्न व्यापाऱ्यांस पडला. जिनीव्हा येथे जडजवाहिराचे व घड्याळांचे काम करणारे याकोब श्वेप्पे नावाचे जर्मन गृहस्थ होते. त्यांनी १७८३ च्या सुमारास पंपाने वायू दाबून पाण्यात भरण्याचे यंत्र सिद्ध केले आणि १७९२ साली लंडनला जाऊन कारखाना काढला. घड्याळजीच्या हाताला पंपाची बारीक कामे साधली. परंतु बाटलीला बूच मात्र जुनेच, लाकडाच्या सालीचे. ते वाळले की आकसते व वायू निसटतो. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अंड्याच्या आकाराच्या, बूड नसलेल्या बाटल्या निघाल्या. त्या उभ्या राहूच शकत नसत. आडव्याच ठेवाव्या लागत, आणि त्यामुळे बूच आतून सदैव ओले राही. वायू कोंडण्याच्या दृष्टीने युक्ती नामी होती. सोडण्याच्या दृष्टीने मात्र काहीच सुधारणा झाली नव्हती. बुचावरची तार कापली की बूच बंदुकीच्या गोळीसारखे उडे, आणि उडाल्यावर सबंध बाटली एका बैठकीत संपवावी लागे. हे पाणी त्या काळी औषध म्हणून विकले जाई. ज्या अशक्त रोग्यास वैद्याने घोटभर घ्यावयास सांगितले, त्याने उरलेल्या बाटलीचे काय करावे? एक घोट काढून बाकीचा दाब कायम ठेवावयाचा, हे त्या काळच्या कारागिरांपुढचे कोडे होते.

हे कोडे टप्प्याटप्प्याने सुटले. १८१३ साली लंडनच्या चार्ल्स प्लिंथ यांनी तोटी बसविलेले, हलविता येण्याजोगे सोड्याचे पात्र तयार केले. १८२९ साली पॅरिसमध्ये दोन फ्रेंच गृहस्थांनी पोकळ मळसूत्र काढले: ते बुचात पिळून घालावयाचे, आतील पोकळीतून पेय वर येते, आणि बाहेरच्या टोकास असलेली लहानशी झडप फिरवून हवे तेवढे घेता येते. बूच काढण्याचे कारणच उरले नाही. १८३७ साली पॅरिसमध्येच आंत्वान पेर्पिन्या यांनी ह्यापुढचे पाऊल टाकले. त्यांच्या जाड काचेच्या पात्रास धातूचे डोके कायमचे बसविलेले असून त्यातून एक नळी थेट तळापर्यंत जाई. डोक्यातील झडप स्प्रिंगने सदैव मिटलेली राही. चाप दाबला की उघडे, सोडला की आपोआप मिटे. ह्या पात्रास सायफन हे नाव पडले. ते शास्त्रदृष्ट्या बरोबर नाही. कारण सायफनमध्ये पाणी आपल्याच वजनाने खाली जाते, आणि येथे वरचा वायू पाण्यास दाबून नळीतून वर चढवितो. ह्यातील मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. नळी तळाशी असल्यामुळे वायू निसटत नाही, पाणीच निघते. आणि अखेरच्या पेल्यापर्यंत आतल्या पाण्यावर दाब राहतो, म्हणून ते आतल्या आत उसळत नाही. आरंभीच्या काळात ह्या डोक्याच्या धातूत शिसे असे, व ते आंबटसर पाण्यात उतरून अपाय करी. म्हणून पुढे आतून कथलाचे अथवा चिनीमातीचे अस्तर देऊ लागले. आपल्याकडे ही पात्रे साहेबलोकांच्या क्लबांत व श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत आली. सामान्य जनांस ती परवडणारी नव्हती.

अमेरिकेत हाच धंदा दुकानी कारंज्यांच्या रूपाने वाढला. इंग्लंडातून गेलेले जॉन मॅथ्यूज यांनी १८३२ च्या सुमारास न्यूयॉर्क येथे संगमरवराच्या चुऱ्यावर गंधकाम्ल सोडून वायू काढण्याचा मोठा कारखाना उभारला. त्यांच्याविषयी एक कथा सांगतात. त्या काळी दाब मोजण्याची चांगली साधने कारखान्यात नव्हती. बेन ऑस्टिन नावाचा, गुलामगिरीतून मुक्त झालेला एक धिप्पाड नीग्रो कामगार तेथे होता. पात्र भरत असता तो तोटीच्या तोंडावर आपला अंगठा घट्ट दाबून धरी. आतल्या जोराने तो अंगठा उडाला म्हणजे दाब दर चौरस इंचास सुमारे १५० पौंड झाला व पात्र भरले असे समजावयाचे. कथेत थोडी अतिशयोक्ती असेल. तरीही मॅथ्यूज यांचे नाव कारंज्यांवर कोरले गेले आणि ज्याच्या अंगठ्यावर त्या कारंज्यांची भिस्त होती तो केवळ गमतीच्या गोष्टीपुरता उरला, ही गोष्ट आम्हांस हसण्यासारखी वाटत नाही. पात्र फुटले असते तर प्रथम कोणाचा हात गेला असता, हे सांगावयास नको.

कारंज्यावरच्या तोटीने फेसाच्या प्रश्नास प्रथमच सरळ हात घातला. ह्या तोटीस दोन वाटा ठेवीत. दांडा एका बाजूस ओढला की रुंद वाटेने पाणी मंद व शांत पडे. दुसऱ्या बाजूस ढकलला की बारीक छिद्रातून सुईसारखी वेगवान धार निघे. पेला भरावयाचा मंद धारेने, आणि सरबत ढवळून वर थोडा फेस आणावयाचा बारीक धारेने, अशी त्या दुकानदारांची रीत होती. धार अरुंद केली म्हणजे पाणी हळू येईल व फेस कमी होईल, असे अनभिज्ञास वाटते. अनुभव नेमका उलट असतो. तोटी अर्धवट उघडली की त्या फटीत सगळा दाब एका ठिकाणी उतरतो, पाणी वेगाने आपटते व फेसच फेस होतो. म्हणून कसबी माणूस असली तोटी उघडतो तर पुरती उघडतो, आणि पेला तिरपा धरून धार काचेवरून घसरत जाऊ देतो.

मग दाब उतरवावयाचा कोठे? ह्याचे उत्तर विसाव्या शतकातील यंत्रज्ञांनी लांबीत शोधले. पिंपापासून तोटीपर्यंतची नळी मुद्दाम लांब व अरुंद ठेवावयाची, म्हणजे वाटेतल्या घर्षणाने दाब इंचाइंचाने कमी होत जातो आणि तोंडाशी पोहोचेपर्यंत पाणी शांत होते. खंडाळ्याचा घाट गाडी सरळ उतरू लागली तर दरीत जाईल. ती वळणे घेत, मैलामैलाने उंची गमावीत कर्जतला येते, म्हणून उतारू सुखरूप पोहोचतात. तसेच हे आहे. परंतु दुकानात लांब नळी ठेवण्यास जागा नसते, आणि पेयाच्या उष्णमानाप्रमाणे तिची लांबी बदलताही येत नाही. म्हणून तोटीच्या पोटातच शंकूच्या आकाराचा एक तुकडा बसविण्याची युक्ती निघाली. शंकू व त्याच्या भोवतालची भिंत ह्यांमधील पातळ पोकळीतून पेय सरकते. पाण्याचा पातळ पडदाच जणू शंकूवरून घसरत येतो, आणि लांब नळीचे काम बोटभर जागेत होते. बाजूचा लहान दांडा फिरवून शंकू मागेपुढे केला की पोकळी कमीजास्त होते. दाब वाढला अथवा उकाडा झाला तर त्याप्रमाणे बेत जमविता येतो. ह्या तोटीचा उपयोग पाश्चात्त्य देशांत मुख्यतः बिअरसाठी झाला. त्या पेयाची भलावण करण्याचा आमचा हेतू नाही. पण गुण कोठेही आढळला तरी तो घ्यावा, ह्या न्यायाने त्याच्या तोटीची वाखाणणी करण्यास हरकत नसावी.

आता आपल्या ओळखीच्या गोटीकडे येऊ. हायरम कॉड हे इंग्लंडातील सफोक परगण्यात १८३८ साली जन्मलेले यंत्रज्ञ. बुचाच्या खर्चाने व गळतीने कारखानदार कसे जेरीस येतात हे त्यांनी पाहिले, आणि १८७२ साली आपल्या बाटलीचा हक्क नोंदविला. तिच्या गळ्यात काचेची गोटी व तोंडाच्या आतील खाचेत रबराची चकती असते. बाटली यंत्रात उलटी धरून भरतात. गोटी आपल्या वजनाने तोंडाकडे येते, आणि भरलेला वायूच तिला चकतीवर घट्ट दाबून धरतो. बाटली सरळ केली तरी ती हलत नाही. ज्याला कोंडावयाचे त्यालाच दाराशी खांदा लावून उभे करावयाचे, अशी ही युक्ती. ना बूच, ना तार, ना मळसूत्र. उघडताना गोटी आत ढकलली की ती गळ्याखालच्या आवळलेल्या खोबणीत पडते. आणि ओतताना बाटली योग्य बाजूने कलती केली तर काचेतील दोन उंचवट्यांमागे अडकून राहते, पुन्हा तोंडाशी येत नाही.

ह्या बाटलीत कोंडण्याची बाजू कॉड यांनी परिपूर्ण केली. सोडण्याची बाजू मात्र उघडणाऱ्याच्या तळहातावर सोपविली. आमचा जत्रेतील वृद्ध दुकानदार गोटी दाबून जे थांबत असे, त्याचा अर्थ आता स्पष्ट होईल. टोपी व तोंड ह्यांमधील बारीक फटीतून वरचा वायू थोडा थोडा निघून जाई, पाण्यावरचा दाब हलके हलके उतरे, आणि आतली उसळी हाताच्या आतच शमे. त्या तरुणाचा हात लगेच निघे. त्यामुळे सगळा दाब एका क्षणात जाई. म्हाताऱ्याचा तळहात ही एक झडपच होती, आणि तिला दाब कळत असे.

भरण्याच्या कामी तर हलगर्जीपणाची किंमत फार मोठी होती. भरताना बाटल्या फुटत. काचेच्या तुकड्यांनी कामगारांचे चेहरे व मनगटे कापली जात, डोळे जात. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात अशा कामगारांस तारेच्या जाळीचे मुखवटे व जाड हातमोजे देण्याविषयी नियम झाले. नियमांच्या जोडीला यंत्रातही सुधारणा झाली. रिकाम्या बाटलीत पाणी एकदम सोडले की ते फेसाळते, बाटली पुरती भरत नाही व दाब कमीजास्त होतो. ह्यावर उपाय असा की बाटलीत अगोदर वायू भरून आतबाहेर दाब सारखा करावयाचा. मग पाणी केवळ आपल्या वजनाने, निमूटपणे खाली उतरते. आणि भरून झाल्यावर वरचा वायू एका लहान झडपेतून हळूहळू सोडून मगच तोंड बंद करावयाचे. मोठमोठ्या कारखान्यांतील यंत्रे आजही ह्याच तत्त्वावर चालतात. ह्या लहानशा झडपेने नफा वाढविला, तसे कित्येकांचे डोळेही वाचविले.

कॉड १८८७ साली वारले. त्यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, १८९२ साली, अमेरिकेतील बाल्टिमोरचे विल्यम पेंटर यांनी दातेरी कडांचा पत्र्याचा बिल्ला काढला. तो स्वस्त, एकदा वापरून फेकून देण्याजोगा, आणि यंत्राने झपाट्याने बसविता येणारा. त्याच्यापुढे पाश्चात्त्य देशांत गोटी टिकली नाही. पूर्वेकडे मात्र ती राहिली. जपानात अलेक्झांडर सिम नावाच्या स्कॉच गृहस्थाने १८८४ साली कोबे येथे लेमोनेड विकावयास काढले. त्याच नावाचा अपभ्रंश होऊन 'रामुने' हे गोटीच्या बाटलीतील पेय तेथे रूढ झाले व अद्याप लोकप्रिय आहे. आपल्याकडे मुंबईत पारशी उद्योजकांनी हा धंदा नावारूपास आणला. १८६५ चे पालनजी व १८८९ साली दिनशाजी पांडोळे यांनी काढलेली ड्यूक ही नावे सर्वश्रुत आहेत. मोठे कारखाने कालांतराने बिल्ल्याकडे वळले. परंतु लहान गावातील लहान कारखानदारास गोटीच सोईची होती. बुचाची आयात नको, बिल्ल्याचे यंत्र नको. हाताने फिरविण्याचे एक यंत्र आणि पुन्हा पुन्हा भरावयाच्या बाटल्या एवढ्यावर त्याचा संसार चाले. गोटीसाठी पोरे बाटल्या फोडीत, आणि दंग्याधोप्याच्या दिवसांत ह्याच भरलेल्या बाटल्या रस्त्यावर अस्त्रासारख्या फेकल्या जात. तहान भागविणारी वस्तू माणसाच्या रागाच्या हाती लागली की काय होते, ह्याचा अनुभव आपल्या शहरांनी घेतला आहे.

ह्या इतिहासाचा अगदी अलीकडचा एक प्रसंग पृथ्वीच्या बाहेर घडला. १९८५ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या चॅलेंजर ह्या अवकाशयानातून कोका-कोला व पेप्सी ह्या दोन कंपन्यांची पेये, खास झडपांच्या डब्यांत भरून, अंतराळवीरांबरोबर पाठविण्यात आली. तेथे वजन नसल्यामुळे बुडबुडा वर जात नाही; वर व खाली ही भाषाच तेथे संपते. त्यामुळे वायू व पेय वेगळे होत नाहीत, आणि पेय थंड करण्याचीही सोय त्या यानात नव्हती. फेस फार झाला, आणि पिणाऱ्यांचे समाधान झाले नाही. पोटात गेलेला वायूही तेथे सहज वेगळा होत नाही. ढेकर येतो तो ओला येतो. एवढ्या खर्चाने व बुद्धीने बनविलेल्या झडपा तेथे अपुऱ्या पडल्या, तेव्हा एक गोष्ट उघड झाली: जमिनीवर आपण पेला भरतो, तेव्हा तोटीइतकेच गुरुत्वाकर्षणही आपल्यासाठी राबत असते, आणि आपण त्याचे आभार कधी मानलेले नसतात.

येणेप्रमाणे ही हकिकत आहे. प्रीस्टलींचे पाणी, हेन्रींचा नियम व श्वेप्पेंचा पंप ह्यांची थोरवी आम्ही कमी लेखीत नाही. परंतु एवढ्यावरच गोष्ट थांबली असती, तर हे पेय प्रयोगशाळेच्या टेबलावर अथवा श्रीमंत रोग्याच्या उशाशी राहिले असते. ते जत्रेतल्या शेतकऱ्याच्या हाती दोन पैशांत आले, ते गोटीमुळे, झडपेमुळे, शंकूच्या तोटीमुळे. आणि ज्यांची नावे कोणत्याही नोंदवहीत सापडत नाहीत अशा अंगठ्यांमुळे व तळहातांमुळे. बेन ऑस्टिनच्या अंगठ्याला जे कळत होते ते पुढे दाबमापकाच्या काट्याला शिकविण्यात आले. आमच्या म्हाताऱ्याच्या तळहाताला जे कळत होते ते शंकूला व स्प्रिंगला. यंत्राने कसब घेतले हे ठीकच झाले, कारण त्यामुळे हात व डोळे वाचले. मात्र ते कोणापासून घेतले, ह्याची नोंद इतिहासाने ठेवावयास हवी होती.

तो वृद्ध दुकानदार आम्ही मोठे होण्यापूर्वीच वारला, आणि त्याचे दुकान त्या शेजारच्या तरुणाने चालविले. आम्ही पुष्कळ वर्षांनी जत्रेस गेलो तेव्हा तोही केस पिकलेला गृहस्थ झाला होता. बाटल्या ओल्या गोणपाटाखाली सावलीत होत्या. त्याने गोटी दाबली आणि तळहात तसाच ठेवून तो थांबला. आमच्याबरोबरचा मुलगा अधीर होऊन हात पुढे करू लागला, तेव्हा तो हसून म्हणाला, "दम धर, बाळा. त्याला अगोदर बाहेर पडू दे." त्याच्या भुवईवरचा व्रण अजून दिसत होता.